झोपलेल्याला पाणी

आमचे काका बोलायला लागले की शेजारच्या घरातलं मांजर उठून बसायचं. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. त्यांनी उभा जन्म शहराची बस चालवली. जुन्या बसचं इंजिन ड्रायव्हरच्या गुडघ्याशीच धडधडायचं, त्याच्या वरताण बोलायची सवय त्यांच्या घशाला लागली ती लागलीच. निवृत्त झाल्यावर बस गेली, इंजिन घशात राहिलं. "जरा मीठ दे" हेसुद्धा ते अशा आवाजात म्हणायचे, जणू मागच्या दारात लोंबकळणाऱ्या कुणाला तरी आत सरकायला सांगतायत.

आणि मावशी नर्स, तीही नवजात बाळांच्या वॉर्डातली. तिथे कपाटाचं दारसुद्धा बोटभर उघडं ठेवून लावायची पद्धत, म्हणजे खटका वाजत नाही. "अहो, हळू बोला, झोपलंय" हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलेलं होतं की घरात कुणीही झोपलेलं नसताना ती ते म्हणायची. काका विचारायचे, "कोण झोपलंय?" मावशी म्हणायची, "असेलच कुणीतरी." हा संसार कसा टिकला हे मला पुष्कळदा कोडं पडायचं. मग मी माझं मी उत्तर काढलं, की काकांना ऐकायचं नव्हतं आणि मावशीला बोलायचं नव्हतं, त्यामुळे दोघांचं छान जमलं.

मी त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते आणि औषधांच्या दुकानात काम करते. दुकान बंद झालं की घरी जायच्या आधी तिथे एक चक्कर, हा माझा कित्येक वर्षांचा शिरस्ता. चहा मावशीचा आणि गोष्टी काकांच्या. काकांच्या गोष्टी आम्ही इतक्यांदा ऐकल्या होत्या की ते मध्येच शिंकले तर पुढचं वाक्य आम्ही म्हणायचो.

त्यातली एक थांब्याची. रस्ता रुंद केला तेव्हा त्यांच्या मार्गावरचा एक थांबा वळणाच्या पुढे नेला. नवा खांब, नवी पाटी, सगळं झालं. चार दिवसांत लोकांना सवय झाली. एक छत्रीवाले आजोबा मात्र जुन्याच जागी उभे राहायचे. पाटी नाही, छप्पर नाही, नुसता फुटपाथ, आणि त्यावर आजोबा छत्री टेकून उभे. काकांनी दोनदा गाडी थांबवून समजावलं. आजोबांनी मान डोलावली, आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. मग काका रोज तिथे गाडी थांबवायला लागले. त्यावरून वरच्या साहेबांनी झापलं तेव्हा काका म्हणाले, "साहेब, थांबा हलवता येतो. माणूस कसा हलवू?" इथे गोष्ट संपायची आणि काका स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

त्याच मार्गाचा शेवटचा थांबा रानाच्या कडेला होता. सुट्टीच्या दिवशी काका मावशीला घेऊन दुसऱ्याच्या बसमध्ये प्रवासी म्हणून बसायचे, वाटेत त्या ड्रायव्हरच्या चुका काढायचे, आणि शेवटच्या थांब्यावर उतरून दोघं रानात हिंडायला जायची. तिथे मावशीने एक फूल पाहिलं. थंडी सरताना, झाडांना अजून पान फुटलेलं नसताना, उघड्या फांद्यांखाली जमिनीवर पिवळी फुलंच फुलं, सगळी मान खाली घातलेली. दोन आठवड्यांनी मावशी पुन्हा गेली तर निम्मी गायब. झाडं पानांनी भरली, खाली अंधार झाला, आणि फुलं काय, पानंसुद्धा जमिनीवर उरली नाहीत. त्याचं खरं नाव मोठं लांबलचक आहे, मला ते धड म्हणता येत नाही. काकांनी त्याला नाव ठेवलं 'दडी'. "चार दिवस तोंड दाखवायचं आणि वर्षभर दडी मारायची. आमच्या डेपोत असे दोघंजण होते," ते म्हणाले.

पुढे त्या रानाच्या कडेने घरं यायला लागली. मावशी तेव्हा नुकती निवृत्त झाली होती. तिने शहराबाहेरची एक बाई शोधून काढली, जी फक्त इथल्या रानातलीच झाडं बियांपासून वाढवून द्यायची. आम्ही तिला रोपवाली म्हणायचो. रोपवालीने आधीच दम दिला, रानातून उपटून आणायचं नाही म्हणून. "बी देते. पण फूल बघायला सात वर्षं लागतील."

"सात वर्षांत मी दोन बस भंगारात काढल्यात," काका म्हणाले.

"तुमच्या बसला मुळं होती का?" मावशीने विचारलं, तेही अगदी हळू.

घराच्या पुढच्या बाजूला, जुन्या झाडाखाली, सकाळचं ऊन तिरकं येतं तिथे मावशीने वाफा केला. मला बागकामात काडीचा रस नाही, पण रोज ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. पहिल्या वर्षी काही दिसत नाही. मग दोऱ्याएवढं एक पान येतं आणि जातं. पुढच्या वर्षी ते थोडं रुंद होतं, त्याच्यावर तपकिरी ठिपके दिसायला लागतात. पण दरवर्षी एकच पान. जोवर एक पान, तोवर फुलाचं नाव काढायचं नाही. ज्या वर्षी दोन पानं येतील, त्या वर्षी फूल. आणि खाली जमिनीत इवलासा कांदा, तो दरवर्षी स्वतःला आणखी थोडा खोल ओढून घेतो.

ऊन तापलं की ते एक पानही पिवळं पडून जायचं, आणि वाफा नुसत्या मातीचा दिसायचा. तेव्हा मावशीचा कायदा लागू व्हायचा. झोपलेल्याला पाणी पाजायचं नाही. माती ओली राहिली की खालचा कांदा कुजतो. एकदा मी उन्हाने फुटलेली माती बघून दया येऊन तांब्याभर पाणी ओतलं, तर मावशीने माझं मनगट धरलं. तिने असं कधी केलं नव्हतं. "झोपलेल्या बाळाच्या तोंडात कुणी दूध ओततं का गं?" ती म्हणाली. काकांना तर तिने हे इतक्यांदा सांगितलं होतं की ते रस्त्याने जाणाऱ्यालाही सांगायचे. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसे आमच्यात ते दडीचे जाणकार झाले.

वाफ्याशेजारी मावशीने हातभर जमीन मुद्दाम उघडी ठेवली होती. तिथे लहान, तपकिरी, केसाळ माश्या मातीत बिळं करून राहायच्या. ह्या पोळं करत नाहीत, एकेकट्या राहतात, आणि दडी फुलायच्या सुमाराला बाहेर येतात. "त्यांचं जेवण अजून तयार नाही माझ्याकडे," मावशी म्हणायची, आणि तोवर म्हणून तिने घराच्या पुढे-मागे दुसरी रानफुलं लावली होती. वाळलेले दांडे ती काढत नसे, पडलेली पानं उचलत नसे. त्यावरून शेजारच्या बाईंशी तिचं वाजलं. त्या बाईंना आम्ही झाडूताई म्हणायचो. त्यांच्या अंगणात पान पडायच्या आधीच झेललं जायचं. "तुमचा कचरा माझ्याकडे उडतो," झाडूताई म्हणाल्या. "आणि तुमची स्वच्छता माझ्याकडे," मावशी म्हणाली. दोघी वर्षभर बोलत नव्हत्या.

असं करता करता सहा वर्षं गेली. सहाव्या वर्षी पानं तळहाताएवढी आली. रोपवाली स्वतः येऊन बघून गेली. म्हणाली, "पुढच्या वर्षी नक्की." काकांनी ही बातमी अख्ख्या गल्लीला ऐकवली.

त्याच उन्हाळ्यात मावशी विसरायला लागली.

आधी किरकोळ. चहात दोनदा साखर. मग मला माझ्या आईच्या नावाने हाक. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी ओ दिली. मग एकदा ती भाजी आणायला गेली आणि जुन्या हॉस्पिटलच्या दाराशी जाऊन उभी राहिली, ड्यूटीवर यायला उशीर झाला म्हणून रडत. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, चित्र काढायला लावलं, आकडे विचारले. बाहेर आल्यावर आम्हाला सांगितलं की हे आता वाढत जाईल, मागे फिरणार नाही. आमच्या दुकानात साध्या खोकल्यावर एक अख्खं कपाट भरून बाटल्या आहेत. ह्याच्यावर ज्या दोन गोळ्या आहेत त्या मीच बांधून नेत होते आणि मलाच ठाऊक होतं की त्यांच्यात काही दम नाही. मला त्या कपाटाला लाथ मारावीशी वाटायची.

त्यांचा मुलगा दुसऱ्या देशात. तो दर सुट्टीला फोन करून उंटावरून शेळ्या हाकायचा. आईला कोडी सोडवायला द्या, आईला बदाम द्या. काका फोन कानापासून लांब धरून "बरं, बरं" म्हणायचे. ते लांब धरणं मुलासाठी की स्वतःसाठी, कळायचं नाही.

आणि मग पाणी सुरू झालं.

सकाळी चहा झाला की मावशी झारी भरायची आणि दडीच्या वाफ्याला घालायची. बाकी बाग तिला दिसायचीच नाही. थोड्या वेळाने पुन्हा भरायची, कारण मघाशी घातलेलं तिला आठवायचं नाही. दुपारी पुन्हा. पाणी घालताना तिचा चेहरा असा निवांत व्हायचा की बघत राहावं. बाकी दिवसभर ती हरवल्यासारखी खोल्यांतून फिरायची, कपाटं उघडायची, कशाला उघडलं ते विसरायची. झारी हातात आली की मात्र ती पुन्हा आमची मावशी व्हायची, वॉर्डातली, कामावरची.

काकांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. "अगं, तूच म्हणायचीस ना, झोपलेल्याला पाणी पाजू नये?" मावशीने झारी खाली ठेवली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मी घातलं? मी?" तिने कपाळावर हात मारून घेतला आणि मातीत बसून रडायला लागली, एखादं बाळ हातून निसटल्यासारखी. आम्ही दोघांनी तिला उठवून आत नेलं. चहा दिला. चहा संपेपर्यंत ती सगळं विसरली, आणि उठून झारी भरायला गेली.

काकांनी आणखी दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा तेच. तिच्यासाठी तो धक्का दर वेळी नवाच असायचा. तिसऱ्या वेळेनंतर काका मला म्हणाले, "आता नाही सांगणार. तिला तीच जखम रोज नव्याने देऊ का?"

त्यांनी झारी लपवली, तर मावशी दिवसभर घर शोधत बसली आणि जेवली नाही. झारी परत दिली. बाहेरचा नळ बंद केला, तर ती न्हाणीघरातून भरून आणायला लागली, ओल्या फरशीवर घसरता घसरता वाचली. झारीला तळाशी भोक पाडलं, तर तिने बोट लावून पाणी नेलं. काकांनी हात टेकले. वाफ्याची माती आता चिखलासारखी काळी झाली होती, आणि शेजारच्या उघड्या जमिनीवर माश्यांच्या बिळांची तोंडं बुजली होती. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या उन्हाळ्यात तो व्हरांड्यात खुर्ची टाकून नुसता बघत बसायचा, बायकोच्या हातची सहा वर्षं बायकोच्याच हाताने बुडताना.

काकांना एकच हवं होतं. फूल येऊ दे आणि ती ओळखेल तोवर येऊ दे. बाकी त्यांनी सगळं सोडून दिलं होतं. "एकदा बघू दे तिला. 'माझं फुललं' एवढं म्हणू दे. मग विसरली तरी चालेल," असं ते म्हणायचे. एकीकडे दडीला घाई करता येत नव्हती आणि दुसरीकडे मावशीला थांबवता येत नव्हतं. ज्याने आयुष्यभर गाडी वेळेवर नेली त्याच्या नशिबी हे यावं, ह्याचा मला फार राग यायचा, आणि तो राग काढायला माणूस सापडायचा नाही.

शेवटी युक्ती काकांनाच सुचली. कांदे झोपलेले असतानाच उचलून दुसरीकडे लावायचे आणि तिला रिकाम्या वाफ्याला हवं तेवढं पाणी घालू द्यायचं. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. रोपवालीला फोन केला. ती म्हणाली, "हलवता येईल, पण हललं की रुसतं. पुढच्या वर्षी फुलेलच असं सांगत नाही. आणि एकदाच हलवा, पुन्हा हात लावू नका." घरामागे सामानाची खोली आहे, तिच्याही मागे कुंपणालगत झाडूताईंच्या झाडाच्या फांद्या अलीकडे येतात. सावली तशीच, माती कोरडी, आणि मावशी तिकडे कधी फिरकत नाही. आम्हा दोघांनाही ती जागा अगदी देवाने दिल्यासारखी वाटली.

मी मावशीला चपला घ्यायला बाजारात नेलं. तिने सहा जोड घालून पाहिले आणि पायातलेच पुन्हा घालून आली. आम्ही परतलो तेव्हा काका व्हरांड्यात बसलेले, नखांत काळी माती. मावशी आत गेल्यावर त्यांनी मला मागे नेऊन दाखवलं. कांदे खूप खोल गेले होते. खुरप्याने दोन-चार कापले गेले, मग त्यांनी खुरपं टाकून जेवायच्या चमच्याने आणि बोटांनी उकरलं. निम्मे आधीच कुजले होते, हात लावला की पीठ व्हायचं. जे धड निघाले ते त्यांच्या जुन्या ड्रायव्हरच्या टोपीत मावले, आणि तरी टोपी भरली नाही. "सहा वर्षांची ही एवढीच," ते म्हणाले. म्हणाले मोठ्यानेच, पण मला ते खूप लांबून आल्यासारखं वाटलं.

कुंपणापलीकडे झाडूताई उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मला वाटलं, आता काहीतरी खोचक बोलणार. त्यांनी एवढंच विचारलं, "ह्या बाजूची पानं मी झाडू की राहू देऊ?" त्या पानगळीत त्यांनी कुंपणालगतचं एकही पान उचललं नाही. पलीकडचं अंगण आरशासारखं आणि कडेला हा पानांचा ढीग. बघताना त्यांच्या जिवाची काय घालमेल होत असेल ते मला कळत होतं.

थंडी आली आणि गेली. मावशी आणखी ओसरली. काकांना ती कधी 'अहो' म्हणायची, कधी 'डॉक्टर' म्हणायची. सकाळच्या चहानंतर मात्र तासभर तिचं डोकं स्वच्छ असायचं. तेव्हा ती मला माझ्या नावाने हाक मारायची, काकांच्या शर्टाचं बटण बघायची, आणि पुढच्या दारी जाऊन वाफ्यापाशी बसायची.

"आली का हो दडी?"

"येईल," काका म्हणायचे.

"ह्या वर्षी दोन पानं यायला हवीत."

"येतील."

रोज हेच. रिकाम्या वाफ्याकडे बघत ती दोघं हे बोलायची आणि मला तिथे उभं राहवायचं नाही. हे तिला आठवत होतं. सगळं पुसलं गेलं होतं, पण हे आठवत होतं. काका मागे जाऊन पोटावर पालथे पडून पाचोळा बाजूला करायचे आणि बघायचे.

एका संध्याकाळी मी गल्लीच्या तोंडाशी होते, तर तिथवर ओरडणं ऐकू आलं, "दोन! अगं, दोन आहेत!" मी धावत गेले. बाकीच्या सगळ्या कांद्यांना एकेकच पान होतं, रुसलेलं, आखूड. पण कुंपणाच्या कोपऱ्यात एकाला दोन पानं होती, ठिपक्याठिपक्यांची, आणि त्यांच्यामधून एक दांडा वर येत होता. काका गुडघ्यांवर बसून डोळे पुसत होते आणि म्हणत होते की डोळ्यांत माती गेली.

कळी आली, मान खाली घालून लटकली, आणि आभाळ भरून आलं. दडी ऊन असल्याशिवाय उघडत नाही. चार दिवस ढग. काका वर बघत उभे राहायचे, साहेबाच्या केबिनबाहेर उभं राहिल्यासारखे. आणि तेव्हा आम्हाला दुसरी गोष्ट कळली, जी आधी कळायला हवी होती. ह्या जागेवर ऊन येतं ते दुपार कलल्यावर. सामानाच्या खोलीची सावली तोवर हटत नाही. पुढच्या वाफ्यावर सकाळचं ऊन यायचं, बरोब्बर मावशीच्या चांगल्या वेळेला. आम्ही फूल वाचवलं आणि तिची वेळ चुकवली. पण रोपवालीने पुन्हा हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. करतो काय?

पाचव्या दिवशी आभाळ मोकळं झालं. मी दुकानातून अर्धा दिवस सुट्टी काढली. आम्ही मावशीला दुपारी झोपू दिलं, म्हणजे उठल्यावर डोकं जरा ताजं असेल. काकांनी मागे बुटकं स्टूल नेऊन ठेवलं, वाटेतले दगड उचलले, स्वतः दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. ऊन खोलीवरून सरकत सरकत आलं, आणि फुलाच्या पाकळ्या हळूहळू मागे वळल्या. आत पिवळाजर्द रंग. तेवढ्यात एक लहान तपकिरी माशी आली, मग दुसरी. फुलाला खालून धरून आत शिरल्या.

"ह्यांना नवा पत्ता कुणी दिला?" काका म्हणाले. त्यांना इतकं खूश झालेलं मी त्या वर्षात पाहिलं नव्हतं. मग ते मावशीला आणायला गेले.

मावशी त्यांचा हात धरून आली. स्टुलावर बसली नाही. दडीचं तोंड बघायचं तर खालीच बसावं लागतं. ते तिला कुणी सांगावं लागलं नाही, ती सरळ गुडघ्यांवर बसली. एका बोटाने तिने फुलाची हनुवटी वर केली, वॉर्डात बाळांची करायची तशी.

"अगं बाई," ती म्हणाली, "दोन पानं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"किती वर्षं वाट बघितली असेल कुणीतरी," मावशी म्हणाली. तिचा चेहरा आनंदाने भरून आला होता. "कुणाचं आहे हो हे?"

"तुझं," काका म्हणाले. "तू लावलंस. बी आणून लावलंस, सात वर्षांपूर्वी."

मावशी हसली. वॉर्डाबाहेर भलतंच काही बोलणाऱ्या नातेवाइकांकडे बघून हसायची तसं, समजूतदार. "काहीतरीच तुमचं. माझं पुढे आहे, झाडाखाली. माझं अजून यायचंय."

"अगं, तेच इकडे आणलंय. मी आणलं. पाणी..." आणि काका तिथेच थांबले. पुढचं सांगायचं म्हणजे पुन्हा तो पांढराफटक चेहरा.

मावशीने फुलाची हनुवटी हलकेच सोडली. "ज्याचं असेल त्याला कळवा हं," ती म्हणाली, "फुललंय म्हणून. वाट बघत असेल बिचारा. चार दिवसांत जातं हे." मग तिला एकदम काहीतरी आठवलं. ती घाईघाईने उठायला लागली. मी हात दिला. "माझ्याला पाणी घालायचं राहिलंय," म्हणाली, आणि भिंतीला धरत पुढच्या अंगणात गेली.

काका तिथेच उभे राहिले. माश्या अजून फुलावर होत्या.

"परत लावू या पुढे," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि रडू आलं की मी भांडते. "रोपवालीला काय कळतंय? आत्ता उचलू, तिच्यासमोर नेऊन ठेवू."

"मरेल," काका म्हणाले. "थांबा हलवला गं मी."

पुढून झारीचा आवाज येत होता, रिकाम्या झारीचा. मावशीला हल्ली नळ फिरवायला जमायचं नाही. काका गेले, मागोमाग मीही गेले. त्यांनी तिच्या हातून झारी घेतली, नळाखाली धरून काठोकाठ भरली आणि तिच्याजवळ नेऊन तिच्या हाताखाली आपला हात धरला, कारण एवढं वजन तिला पेलत नव्हतं. दोघांनी मिळून त्या रिकाम्या मातीवर पाणी घातलं. गेल्या उन्हाळ्यात जे थांबवण्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं, ते आता ते स्वतः घालत होते, आणि मावशी निवांत होती.

"झालं का? पुरे?" काकांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारलं.

मावशीने ओठांवर बोट ठेवलं. "अहो, हळू बोला. झोपलंय."

काका काहीतरी म्हणाले. मी हाताच्या अंतरावर उभी होते, तरी मला ऐकू आलं नाही. नुसते ओठ हललेले दिसले.